सैन्य नसलेल्या देशांची यादी

ज्या देशांना स्वतःचं सैन्य नाही, त्यांची यादी मला तोंडपाठ आहे. कोस्टारिका, आइसलँड, लिश्टेनश्टाइन, अँडोरा, मोनॅको, मॉरिशस, मग पॅसिफिकमधली बेटं, सामोआ, तुवालू, किरिबाती, नाउरू. यादी याहून मोठी आहे, पण आता ती पूर्ण म्हणावीशी वाटत नाही. शाळेत असताना सामान्यज्ञानाच्या वहीत तिची सुरुवात झाली आणि पुढे मी तीत भर घालत गेलो. घरी पाहुणे आले की वडील मला ती म्हणून दाखवायला लावत. अशी एखादी निरुपयोगी गोष्ट प्रत्येकाला येत असते आणि तिचा त्याला उगीचच अभिमान असतो. माझी यादी आयुष्यात एकदा उपयोगी पडली.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी 'ऑफिसातले गमतीदार अनुभव' लिहून द्या, असं मला गेली तीन वर्षं सांगितलं जातंय आणि मी टाळतोय. गमती आहेत, एकदोन सांगतोही. पण लिहायला बसलो की ही यादी आडवी येते आणि यादीच्या मागून वृषाली. महामारीच्या दुसऱ्या वर्षी तिला नेदरलँड्स सोडावं लागलं. का, ते इथल्या बऱ्याच मराठी घरांनी आपापल्या परीने ऐकलेलं आहे. 'कामात काहीतरी मोठी चूक केली म्हणे.' असं कुणी माझ्यासमोर म्हटलं की मी ताटात आणखी काही वाढून घेत असे. चूक कुणाची होती हे दोघांना माहीत होतं, तिला आणि मला.

आधी धंदा समजावून सांगतो, कारण मी काय करतो हे माझ्या सासूबाईंना अजून कळलेलं नाही. 'कॉम्प्युटरमध्ये आहेत' यापलीकडे त्या गेल्या नाहीत.

नेदरलँड्समधून माल बाहेर जातो. फुलं आणि चीज कुणी अडवत नाही. पण पंप, झडपा, कॅमेरे, रसायनं अशा कितीतरी वस्तू दोन्ही बाजूंनी कापणाऱ्या असतात. ज्या पंपाने डेअरीत दूध फिरतं, त्याच पंपाने नको ते रसायनही फिरवता येतं. म्हणून असा माल विकणाऱ्याने विचारायचं असतं की घेणारा कोण, वापरणार कोण, त्याच्या मागे कुणाचं सैन्य उभं आहे का. मोठ्या कंपन्या यासाठी वकील ठेवतात. छोट्यांसाठी आमचा प्रोग्रॅम होता. स्लोटरडाइक स्टेशनला लागून, जिथे बारा महिने वारा सायकली आडव्या पाडत असतो, तिथल्या एका इमारतीत आमचं ऑफिस. ग्राहकाने ऑर्डर टाकायची, प्रोग्रॅमने दहाबारा प्रश्न विचारायचे आणि शेवटी दिवा दाखवायचा. हिरवा म्हणजे पाठवा. लाल म्हणजे थांबा, आधी सरकारी परवाना काढा. पिवळा म्हणजे माणसाने बघायला हवं. कुठल्या उत्तराला कुठला दिवा, हे नियम लिहिणाऱ्या गटाचा मी प्रमुख होतो.

झीलंड प्रांतातले एक गृहस्थ विमानतळावरचे पक्षी हाकलण्याचे भोंगे बनवत. त्यांचा भोंगा आमच्याकडे कायम पिवळा, कारण एवढा आवाज पक्ष्यांवर सोडता येतो तसा माणसांवरही सोडता येतो. ते वैतागून फोन करत. "मी बगळ्यांशी झगडतोय आणि तुमचं यंत्र मला विचारतंय, बगळे कुठल्या सैन्याचे." एकदा ते भोंगा घेऊन थेट ऑफिसात आले आणि त्यांनी तो वाजवून दाखवला. समोरच्या इमारतीतली माणसं खिडक्यांशी आली. आमचा विभागप्रमुख योस्ट याने शांतपणे कानांतली बोटं काढली आणि म्हणाला, "पिवळाच ठेवा."

योस्ट असाच होता. तोंडावर सांगणारा. वाढदिवसाचा केक खाऊनही 'हा मला फारसा आवडला नाही' म्हणणारा. त्याने एक पद्धत घालून दिली होती. नियम बदलायचा तर दोन नावं लागत. एकाने बदल लिहायचा आणि तो का करतोय हे खालच्या चौकटीत इंग्रजीत नोंदवायचं. दुसऱ्याने वाचून मंजूर करायचा. कुणाला शंका असेल तर तीही त्याच चौकटीत. नव्या माणसाला तो पहिल्या दिवशी सांगे, "चौकटीत नाही ते घडलं नाही." गटातली डच मुलं तिथे मला बिनदिक्कत लिहीत, 'हे चूक आहे, कारण खाली देतो.' पहिल्या वर्षी माझा चेहरा पडायचा. नंतर सवय झाली, असं मी समजत होतो.

वृषाली चिंचवडची. पुण्यात दोन वर्षं नोकरी करून ती इथे आली. गटात मराठी आम्ही दोघंच. पहिल्या आठवड्यात ती सगळ्यांना सर म्हणाली. "इथे कुणी सर नाही," असं योस्टने सांगितल्यावर ती योस्टला योस्ट म्हणू लागली आणि मला दादा. मला ते बरं वाटलं. झुइडओस्टला तिचा एका खोलीचा फ्लॅट होता. शनिवारी ती मेट्रोने आम्स्टलफेनला आमच्याकडे जेवायला येई. माझी मुलगी इरा तेव्हा अकरा वर्षांची. ती डचमध्ये बोले, वृषाली मोडक्या डचमध्ये उत्तर देई, इरा हसून दुरुस्त करी. "दादा, तुमची मुलगी माझी परीक्षा घेते," ती म्हणायची. माझी बायको सुजाता तिला परत जाण्याबद्दल विचारायची तेव्हा ती हात जोडायची. "नको वहिनी. परत गेले की आई पहिल्या आठवड्यात मुलगा दाखवेल आणि दुसऱ्या आठवड्यात हॉल. इथे माझं मी ठरवते. भाजी कुठली करायची तेसुद्धा."

ही वृषाली माझ्या कामाखाली चौकटीत कधी काही लिहीत नसे. चूक दिसली की फोन करी, किंवा कॉफीच्या मशीनजवळ गाठून हळूच सांगे, "दादा, तिसऱ्या ओळीत बहुतेक उलटं झालंय." मी गुपचूप नीट करून टाकत असे. मोठ्या माणसाची चूक चारचौघांत काढायची नाही, हे ती घरून घेऊन आली होती. चौकटीत लिही, असं मी तिला एकदाही सांगितलं नाही. मला ते सोयीचं होतं.

यादी गटात सगळ्यांना माहीत होती. जेवणाच्या सुट्टीत, म्हणजे ब्रेडच्या दोन चकत्या आणि मधे चीज एवढ्या वेळात, मी ती म्हणून दाखवली होती. लिश्टेनश्टाइनचे शेवटचे ऐंशी शिपाई मोहिमेवर गेले आणि परतले तेव्हा एक्याऐंशी होते, वाटेत एक मित्र जोडला गेला, असं सांगतात; तेही ऐकवलं होतं. योस्ट मनापासून हसला होता. व्हॅटिकनचे रंगीत कपड्यांतले भालेवाले सैन्यात धरायचे की नाही यावर वाद झाला तेव्हा वृषाली मला मराठीत म्हणाली, "कपड्यांवरून तर वरातीतले बँडवाले वाटतात." मला एकट्यालाच हसू आलं आणि सगळे माझ्याकडे बघू लागले.

मग तो मार्च आला आणि आम्ही सगळे घरी बसलो. मी माळ्यावरच्या खोलीत, वृषाली तिच्या फ्लॅटमध्ये पलंगावर लॅपटॉप घेऊन.

त्या आठवड्यांत जगाला एकदम जे जे हवं झालं, ते नेमकं आमच्या दुधारी वस्तूंच्या खान्यातलं होतं. ऑक्सिजनच्या यंत्रांचे काँप्रेसर, जंतुनाशकाची रसायनं, ताप मोजणारे कॅमेरे. पूर्वी दिवसाला वीसेक ऑर्डरी पिवळ्या व्हायच्या, त्या दोनशेच्या पुढे गेल्या. बघायला माणसं तेवढीच. एका बेटावरच्या इस्पितळासाठी निघालेली ऑक्सिजनची यंत्रं चार दिवस पिवळी पडून होती. विकणारी बाई फोनवर रडत नव्हती, पण रडण्याच्या पलीकडच्या आवाजात बोलत होती. "तिथे सैन्यच नाही. मग मी कुणाच्या सैन्याबद्दल उत्तर देऊ?"

मी बघितलं. बेट माझ्या यादीतलं होतं.

नियम मला तिथेच सुचला. यादीतल्या देशांसाठी सैनिकी वापराचा प्रश्नच काढून टाकायचा. सैन्य नाही, तर प्रश्न कसला. तो बदल मी स्वतः लिहिला असता तर मंजुरीला दुसरं नाव शोधावं लागलं असतं आणि डच मुलांपैकी कुणीतरी शंका काढत बसलं असतं. म्हणून वृषालीला लिहायला सांगितलं. मंजूर मी करणार होतो. त्या दिवशी मनात हे इतकं सरळ आलं नव्हतं. पण आता मला दुसरं कारण सापडत नाही.

अर्ध्या तासाने तिचा फोन आला.

"दादा, एक विचारू? रागवू नका."

"बोल."

"सैन्य नाही म्हणजे बंदूक नाही, असं थोडंच आहे? माझी मावशी मॉरिशसला गेली होती. तिथल्या परेडमध्ये तिने चिलखती गाड्या बघितल्या. फोटो आहेत तिच्याकडे. मग ते कोण?"

"पोलीस असतील."

"पोलीसच. पण बंदूकवाले. मला वाटतं, नुसत्या इस्पितळांच्या ऑर्डरी सोडू या. अख्खा देश कशाला सोडायचा?"

"अगं, यातली निम्मी बेटं नकाशावर भिंग घेऊन शोधावी लागतात. तिथे माणसं श्वासाला मोताद झालीयेत आणि आपण मावशीचे फोटो बघायचे का?"

ती म्हणाली, "चौकटीत एक ओळ टाकून ठेवू? शंका आहे एवढंच."

"कशाला? आपलं आपल्यात बोलणं झालं ना. तू टाक, मी लगेच मंजूर करतो."

"बरं दादा."

चौकटीत तिच्या नावाने इंग्रजीत एक वाक्य आलं. मीच फोनवर सांगितलेलं. या देशांना सैन्य नाही, सबब सैनिकी वापराची तपासणी अनावश्यक. खाली सुजाताने कुकर लावला होता. त्याची शिट्टी व्हायच्या आत मी मंजुरीचं बटण दाबलं.

ऑक्सिजनची यंत्रं त्याच दुपारी निघाली. पिवळा ढीग उतरला. योस्टने गटाचं कौतुक केलं. दोनतीन आठवड्यांनी त्या बाईने फोटो पाठवला. इस्पितळाच्या दारात खोकी आणि खोक्यांशेजारी तीन नर्स. तो फोटो माझ्याकडे अजून आहे. तो खोटा नाही, आणि माझी खरी अडचण तिथेच आहे. नियम नुसता वाईट असता तर विसरणं सोपं गेलं असतं.

पुढच्या हिवाळ्यात दुसरा फोटो आला. एका परदेशी बातमीतला, एका ग्राहकाने घाबरून योस्टला पाठवलेला. देशाचं नाव लिहीत नाही. वर ज्यांची नावं घेतली त्यांतला तो नाही, पण माझ्या यादीतला आहे. टाळेबंदीतही कामावर यायची सक्ती झाली म्हणून मळ्यातले काही मजूर डोंगरात जाऊन लपले होते. ताप मोजायला म्हणून आमच्या ग्राहकाकडून गेलेले कॅमेरे तिथल्या सशस्त्र पोलिसांच्या हातांत होते. असा कॅमेरा उष्णता बघतो. गच्च झाडीतही माणसाचं अंग त्याला पांढरं दिसतं. एकेकाला असं शोधून खाली आणलं होतं. फोटोत एक जण डोक्यावर हात ठेवून उकिडवा बसलेला आणि पोलिसाच्या हातातल्या कॅमेऱ्यावर आमच्या ग्राहकाचा पिवळा स्टिकर. त्या माणसांचं पुढे काय झालं हे बातमीत नव्हतं. मी शोधलं नाही.

ती ऑर्डर आमच्या प्रोग्रॅममधून एका क्षणात हिरवी होऊन गेली होती.

योस्टने आम्हा दोघांना वेगवेगळं बोलावलं, अर्थात पडद्यावर. त्याच्या मागे पुस्तकांचं कपाट होतं आणि मांजर येऊन जाऊन होतं. ते बोलणं मला शब्दाशब्दाने आठवतं.

"कल्पना कुणाची होती?"

"तिच्या बदलात आली. मी अधिक नीट वाचायला हवं होतं."

"ती देशांची यादी. तुला पाठ आहे ना? कँटीनमध्ये म्हणाला होतास."

"गटात सगळ्यांनाच माहीत होती."

"कुणी शंका घेतली होती?"

"चौकटीत काही नाही."

तो माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "ठीक आहे." माझी तिन्ही उत्तरं खरी होती. खोटं असं एकही वाक्य मी बोललो नाही. हे मी इतक्या वेळा तपासून पाहिलंय की आता तेच सगळ्यात वाईट वाटतं.

मला लेखी समज मिळाली. माझी नोकरी कायम होती. वृषालीचा करार दर वर्षी नव्याने होई, तो फेब्रुवारीअखेर संपणार होता. तो त्यांनी वाढवला नाही. इथे माणसाला काढायला कटकटी फार, करार न वाढवायला काहीच लागत नाही.

बाहेरच्यांसाठी सांगतो. स्किल्ड मायग्रंटचं परमिट नोकरीला टांगलेलं असतं. नोकरी गेली की दुसरी शोधायला तीन महिने मिळतात. तेवढ्यात मिळाली तर राहायचं, नाही तर निघायचं. माझ्याकडे तोवर डच पासपोर्ट आला होता. खरं बोललो असतो तर माझी फार तर नोकरी गेली असती, देश गेला नसता. हे गणित मी त्या वेळीही केलं होतं. तरी बोललो नाही. का, याचं माझ्याकडे भारदस्त उत्तर नाही. गटातल्या पोरांसमोर आणि योस्टसमोर माझा चेहरा पडला असता, एवढंच.

त्या तीन महिन्यांत मी तिला डबे दिले. दर बुधवारी सुजाता पोळ्या-भाजी बांधून द्यायची आणि मी गाडी घेऊन झुइडओस्टला जायचो. दाराबाहेर डबा ठेवून चार पावलं मागे सरकायचं. ती दार उघडायची, मास्क सारखा करत म्हणायची, "वहिनींना सांगा, मागच्या वेळची वांगी एक नंबर होती." मग आम्ही तसेच उभे राहून कुठे अर्ज केला, कुठून नकार आला, हे बोलायचो. चौकशीचा विषय ती काढत नसे. मीही काढत नसे.

"तू योस्टशी बोललास ना तिच्याबद्दल?" एकदा सुजाताने विचारलं.

"बोललो," मी म्हणालो. हेही खरंच होतं.

दहाव्या आठवड्यात झुइडासमधल्या एका कंपनीतून मला फोन आला. माळ्यावर मी एकटाच होतो. बोलणारा माणूस सभ्य होता. वृषालीने माझं नाव दिलं होतं. दोन मुलाखती छान झाल्या होत्या, तिसरी औपचारिकच होती.

"काम कसं करते?"

"उत्तम," मी म्हणालो. "माझ्या गटातली सगळ्यात काळजीपूर्वक वाचणारी."

"मग करार का वाढवला नाही?"

तो प्रश्न येणार हे मला माहीत होतं. उत्तरही माहीत होतं. 'चूक माझी होती' एवढं पुरलं असतं. मी तीन सेकंद थांबलो. कदाचित चार. खाली इरा शाळेच्या ऑनलाइन वर्गात कविता म्हणत होती, ती ऐकू येत होती. मग मी म्हणालो, "ते तुम्ही एचआरला विचारलेलं बरं."

"समजलं," तो म्हणाला.

ही माणसं सरळ उत्तराला इतकी सरावलेली असतात की सरळ उत्तर आलं नाही तर ते वाईटच आहे असं धरून चालतात. माझ्या त्या थांबण्यानेच त्याला सगळं सांगून टाकलं. जे खरं नव्हतं ते.

दोन दिवसांनी वृषालीचा फोन. "दादा, त्यांचा फोन आला होता का तुम्हाला?"

"आला होता. चांगलंच सांगितलं मी."

"हो ना? मग का नाही म्हणाले कोण जाणे." आणि लगेच, मलाच धीर दिल्यासारखं, "जाऊ दे. अजून दोन आठवडे आहेत."

दोन आठवड्यांत काही झालं नाही. तिकडे भारतात तेव्हा दुसरी लाट होती. इकडून जाणारं विमान मिळवणंही सोपं नव्हतं. शेवटी मिळालं. सामानाचं वजन जास्त होऊ लागलं तेव्हा तिने कुकर आमच्याकडे ठेवला. सायकल खालच्या मजल्यावरच्या सुरिनामी आजींच्या नातीला दिली.

ती आमच्याकडे निरोप घ्यायला आली तेव्हा इराने मला स्वयंपाकघरात गाठून डचमध्ये विचारलं, "तिने चूक काय केली?"

"काही नाही."

"मग ती का जाते?"

मी तिला पाण्याचा ग्लास दिला आणि बाहेर नेऊन दे म्हणालो.

स्किपोलला मीच सोडलं. गाडीत ती मागच्या सीटवर, खिडक्या उघड्या, दोघांच्या तोंडावर मास्क. विमानतळ जवळ आला तेव्हा ती म्हणाली, "दादा, योस्टने मला विचारलं होतं, शंका होती तर कुणाला सांगितलीस. मी नाव नाही घेतलं."

आरशात मला तिचे फक्त डोळे दिसत होते. "का नाही घेतलंस?"

"वाटलं, तुम्ही सांगाल. तुमच्या आधी मी बोलणं बरं दिसलं नसतं."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. मी म्हणालो, "मधल्या रांगेत थांबवतो, तिथे ट्रॉली मिळते." ट्रॉली मिळाली. तिने हात हलवला. मी परत आलो.

तो नियम नंतर योस्टने काढून टाकला आणि त्या जागी दुसरा आणला. फक्त इस्पितळांच्या ऑर्डरी सोडायच्या, देश अख्खा सोडायचा नाही. वृषालीने फोनवर सांगितलेला, जवळपास तिच्याच शब्दांत. तो ज्याने लिहिला त्याचं नाव चौकटीत आहे. मी मंजूर केला. पुढे वर्षभराने मी ती नोकरी सोडली. आता दुसरीकडे आहे, काम तसलंच. कुकर आमच्या ओट्यावर आहे. त्याची शिट्टी आमच्या जुन्या कुकरपेक्षा बारीक वाजते. सुजाताला हे सगळं मी गेल्या महिन्यात सांगितलं. ती म्हणाली, "आणि मी बुधवारी बुधवारी पोळ्या लाटत होते." त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

हा लेख इथवर लिहून झाल्यावर मी तो आधी वृषालीला पाठवला. नाव बदलू का, असं विचारलं. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी निरोप आला. तो जसाच्या तसा देतो.

'दादा, वाचलं. मावशीच्या परेडचं बरोबर लक्षात ठेवलंत. नाव बदलू नका, माझंच राहू दे. मी परत तिकडे अर्ज करतेय. उट्रेख्टला एक जागा आहे. प्रत्येक ठिकाणी तेच विचारतात, करार का वाढवला नाही. मी अजून म्हणते की माझ्याकडून एक शंका लिहायची राहिली. एक विचारू? रागवू नका. हे सगळं तुम्ही मराठीत लिहिलंय. योस्टला मराठी येत नाही.'

तिचं बरोबर होतं. चार वर्षांनी धीर करून मी तेच केलं होतं. आपलं आपल्यात. जिथे त्याने कुणाचं काही बदलणार नाही अशा ठिकाणी, ज्यांना वाचता येईल ते हळहळतील आणि फराळाकडे वळतील अशा भाषेत.

आज सकाळी योस्टला आणि तिथल्या एचआरला इंग्रजीत पत्र पाठवलं. उट्रेख्टच्या कंपनीने विचारलं तर हे दाखवा, असं सांगून एक प्रत वृषालीला. लेख संपादकांकडे त्यानंतर जातोय. पत्र लहान आहे. नियम माझा होता. यादी माझी होती. वृषालीने मला फोनवर सांगितलं होतं की सैन्य नसलं तरी बंदुका असतात, आणि ती शंका ती लिहिणार होती. लिहू नको, असं मी म्हणालो. चौकशीत हे मी लपवलं आणि झुइडासहून फोन आला तेव्हा पुन्हा लपवलं.

योस्टचं उत्तर अजून आलेलं नाही. आता मी जिथे कामाला आहे तिथेही हे कळेल, कळायलाच हवं. आमच्याकडे कुठल्याही बदलाला दोन नावं लागत. या पत्राखाली एकच आहे.